रक्तात कोण बोलतंय? जन्मजात टॉक्सोप्लाझ्मोसिसच्या निदानाची आणि उपचाराची गोष्ट

अल्बर्ट सेबिन हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, तरी त्यांची लस तुमच्या घरात येऊन गेलेली आहे. पोलिओ रविवारी बूथवर बाळाच्या तोंडात जे थेंब पडायचे, ती तोंडावाटे देण्याची लस सेबिन यांची. पण या थेंबांच्या बऱ्याच आधी हाच माणूस दुसऱ्या एका आजाराच्या मागे लागला होता. त्या आजाराचं नाव टॉक्सोप्लाझ्मोसिस. आजचा भाग त्याबद्दल आहे, आणि त्यातही एका नेमक्या प्रश्नाबद्दल. आईच्या पोटात असतानाच बाळाला एखाद्या परजीवीची लागण झाली असेल, आणि जन्मल्यावर ते बाळ अगदी गुटगुटीत, दूध पिणारं, रडणारं, सगळं ठीक दिसणारं असेल, तर डॉक्टरला कळायचं कसं? आणि कळलं तर करायचं काय?

हा प्रश्न सोडवायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. त्यात अनेक देशांचे लोक होते, प्रयोगशाळेतले उंदीर आणि ससे होते, एक मांजर होतं, आणि थोडा वाटा आपल्या मुंबईचाही होता.

सुरुवात उत्तर आफ्रिकेतून. साल १९०८, ट्युनिस शहर, तिथली पाश्चर इन्स्टिट्यूट. चार्ल्स निकोल आणि लुई मॅन्सो हे दोघं काळ्या आजाराच्या परजीवीचा शोध घेत होते. त्यासाठी ते गुंडी नावाचा एक छोटा, उंदराच्या जातीतला प्राणी वापरत. या प्राण्याच्या शरीरात त्यांना एक सूक्ष्म जीव सापडला. आधी त्यांना वाटलं, हा काळ्या आजाराचाच परजीवी. मग लक्षात आलं, हा वेगळा आहे. आकार धनुष्यासारखा वाकडा, म्हणून १९०९ मध्ये ग्रीक शब्दांवरून नाव पडलं टॉक्सोप्लाझ्मा, आणि पुढे गुंडीची आठवण म्हणून ‘गोंडी’. गंमत अशी, की ‘गुंडी’चं ‘गोंडी’ हे नाव ठेवतानाच झालं आणि ते तसंच राहिलं. त्याच १९०८ साली ब्राझीलमध्ये साओ पावलो इथे अल्फोन्सो स्प्लेंडोरे यांना तोच जीव सशात दिसला. दोन खंडांवर एकाच वर्षी एकच शोध. पण तो माणसाला काही करतो का, याचा कुणालाच पत्ता नव्हता. निकोल यांना पुढे १९२८ मध्ये नोबेल मिळालं, ते टायफसचा ज्वर उवांमुळे पसरतो हे दाखवल्याबद्दल. गुंडीतला जीव तसाच बाजूला पडला.

आता प्रागला जाऊ. १९२३ साली योसेफ यांकू नावाच्या नेत्रतज्ज्ञाने एका अकरा महिन्यांच्या मुलाचं वर्णन प्रसिद्ध केलं. मुलाच्या डोक्यात पाणी झालं होतं, एक डोळा जन्मतःच लहान होता. मूल गेल्यानंतर यांकू यांनी त्याच्या डोळ्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा दृष्टिपटलात त्यांना परजीवीच्या पुटकुळ्यांसारखं काहीतरी दिसलं. त्यांनी ते नोंदवलं. हा टॉक्सोप्लाझ्मा असू शकेल असं नंतर लेवादिती यांनी सुचवलं. पण ‘असू शकेल’ आणि ‘आहे’ यांच्यात वैद्यकशास्त्रात मोठं अंतर असतं.

ते अंतर न्यूयॉर्कमध्ये पार झालं. मे १९३८ मध्ये तिथल्या बेबीज हॉस्पिटलमध्ये सिझेरियनने एक मुलगी जन्माला आली. पूर्ण दिवसांची. तिसऱ्या दिवशी तिला आकड्या यायला लागल्या. डोळ्यांत पाहिलं, तर दोन्ही दृष्टिपटलांच्या मध्यभागी डाग. महिन्याभरात ती गेली. अॅबनर वुल्फ, डेव्हिड कोवेन आणि बेरिल पेज या तिघांनी शवविच्छेदन केलं, आणि मेंदूच्या, मज्जारज्जूच्या छोट्या भागाचं द्रावण करून ते सशांना आणि उंदरांना टोचलं. प्राणी आजारी पडले, आणि त्यांच्यात तोच परजीवी सापडला. याआधी १९३७ मध्ये अशाच एका बाळाचा आजार वुल्फ आणि कोवेन यांनी दुसऱ्याच एका जीवाच्या नावावर टाकला होता. आता पुरावा हातात होता. १९३९ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की टॉक्सोप्लाझ्मा माणसाच्या बाळाला होतो. आकड्या जन्मानंतर तिसऱ्याच दिवशी सुरू झाल्या होत्या, म्हणजे लागण जन्माआधीची, पोटातली.

इथून सेबिन येतात. ते सिनसिनाटीला होते. एका सहा वर्षांच्या मुलाच्या मेंदूतून त्यांनी हा परजीवी वेगळा काढला. मुलाच्या नावाची आद्याक्षरं आर आणि एच, म्हणून त्या वाणाला ‘आरएच’ नाव मिळालं. मूल वाचलं नाही. पण तो वाण पिढ्यान्‌पिढ्या उंदरांत वाढवत ठेवला गेला आणि आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जातो.

१९४२ मध्ये सेबिन यांनी डॉक्टरांना ओळखण्यासाठी एक खूण दिली. डोकं फार मोठं किंवा फार लहान, मेंदूत चुन्याचे ठिपके, दृष्टिपटलाला सूज आणि डाग, आणि मेंदूला इजा झाल्याची लक्षणं. ही चार एकत्र दिसली, की जन्मजात टॉक्सोप्लाझ्मोसिसचा संशय घ्या.

खूण उपयोगी होती, पण तिच्यात एक सापळाही होता. ही लक्षणं ज्या बाळांत दिसायची, त्यांचं नुकसान आधीच होऊन गेलेलं असायचं. जी बाळं बाहेरून चांगली दिसत, ती या खुणेत बसतच नसत. वैद्यकात अनेकदा असं होतं. आजाराचं सर्वांत भयंकर रूप पहिल्यांदा दिसतं, मग तेच रूप म्हणजे आजार असं सगळे मानून बसतात.

ही चौकट मोडायला रक्ताची तपासणी लागली. १९४८ मध्ये सेबिन आणि हॅरी फेल्डमन यांनी एक चाचणी काढली, तिला नुसतं ‘डाय टेस्ट’ म्हणतात. कल्पना सुंदर आहे, समजून घेऊ. जिवंत टॉक्सोप्लाझ्मा घ्यायचे आणि त्यात मिथिलीन ब्लू हा निळा रंग घालायचा. सुदृढ परजीवी रंग पिऊन निळे होतात. आता त्यात रुग्णाच्या रक्तातला पाण्यासारखा भाग, म्हणजे सीरम मिसळायचा. त्या माणसाला पूर्वी कधी लागण झाली असेल, तर त्याच्या सीरममध्ये या परजीवीविरुद्ध प्रतिपिंडं असतात. ती परजीवीच्या कातडीला इजा करतात आणि तो निळा होत नाही. निळे किती, बिनरंगी किती, हे मोजायचं. बिनरंगी जास्त निघाले, तर या रक्ताची आणि या परजीवीची जुनी ओळख आहे.

चाचणी अचूक होती, पण जोखमीची. तिला जिवंत परजीवी लागायचे आणि प्रयोगशाळेतल्या माणसांनाच लागण होण्याच्या घटना घडल्या. तरी तिने एक मोठी गोष्ट उघड केली. धडधाकट माणसांचं रक्त तपासलं, तेव्हा त्यांतली बरीच माणसं पूर्वी लागण झालेली निघाली. त्यांना ना ताप आठवत होता ना आजार. म्हणजे हा दुर्मिळ परजीवी नव्हताच. तो सगळीकडे होता, बहुतेकांना न कळता येऊन शरीरात मुक्काम करून बसत होता. धोका मुख्यतः एका परिस्थितीत होता: बाईला आयुष्यातली पहिली लागण गरोदरपणात झाली, तर परजीवी वारेतून बाळापर्यंत पोचू शकतो. पूर्वीच लागण होऊन गेली असेल, तर तिची प्रतिकारशक्ती बाळाला सहसा वाचवते. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी ते परत लागणार आहे.

पण नवजात बाळाच्या बाबतीत डाय टेस्टसमोर एक अडचण उभी राहिली. आईच्या रक्तातली आयजीजी नावाची प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात. निसर्गाने ती सोय बाळाच्या रक्षणासाठीच केली आहे. त्यामुळे आईला दहा वर्षांपूर्वी लागण झाली असेल, तरी बाळाचं रक्त ‘हो’ म्हणतं. त्या ‘हो’चा मालक कोण, आई की बाळ? आजच्या भागाला मी दिलेलं नाव याच प्रश्नावरून आहे.

उत्तर दोन वाटांनी मिळालं. पहिली वाट थांबण्याची. आईकडून आलेली प्रतिपिंडं हळूहळू झिजतात, साधारण महिन्याला निम्मी होतात. बाळ वर्षाचं होईपर्यंत ती संपतात. वर्षानंतरही आयजीजी टिकून असेल, तर ती बाळाने स्वतः बनवलेली, म्हणजे बाळाला लागण होती. उत्तर पक्कं, पण ते यायला वर्ष लागतं, आणि याच वर्षात मेंदू आणि डोळे वाढत असतात.

दुसरी वाट अमेरिकेत जॅक रेमिंग्टन यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी मोकळी केली. आयजीएम नावाची प्रतिपिंडं आकाराने मोठी असतात, ती वार ओलांडत नाहीत. म्हणून बाळाच्या रक्तात टॉक्सोप्लाझ्माविरुद्ध आयजीएम सापडली, तर ती बाळाची स्वतःची. तर्क साधा, पण त्यातही पाचर होती. बाळंतपणात आईचं रक्त थोडं जरी बाळाच्या रक्तात मिसळलं, तर खोटा होकार येतो. म्हणून काही दिवसांनी पुन्हा तपासायचं. आईची आयजीएम लवकर नाहीशी होते, बाळाची राहते. उलट बाजूने, लागण झालेल्या बऱ्याच बाळांमध्ये आयजीएम मिळतच नाही. म्हणून पुढे आयजीए ही तिसरी प्रतिपिंडं आली, १९८० च्या दशकात अधिक संवेदनशील आयजीएम चाचण्या आल्या, आणि आईचं व बाळाचं सीरम शेजारी शेजारी ठेवून ‘बाळाकडे असं काही आहे का, जे आईकडे नाही’ हे पाहण्याची पद्धत आली. १९९० च्या दशकात गर्भजलाची पीसीआर चाचणी आली. तिच्यात प्रतिपिंडांना विचारावंच लागत नाही, थेट परजीवीचा डीएनए शोधता येतो.

रक्ताची भाषा हळूहळू कळत होती. पण परजीवी बाईच्या शरीरात येतो कुठून, हा प्रश्न बाकी होता, आणि या टप्प्यावर मुंबई येते.

पॅरिसमध्ये जॉर्ज देमाँ यांनी १९६५ मध्ये एका सॅनेटोरियममधल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे मुलांना अर्धंकच्चं मांस द्यायची रीत होती. नव्याने लागण होण्याचं वर्षाचं प्रमाण एरवी १० टक्के होतं. रोजच्या जेवणात अर्धवट शिजवलेलं गोमांस किंवा घोड्याचं मांस आलं, तेव्हा ते ५० टक्के झालं. कोकराचं अर्धंकच्चं मांस आलं, तेव्हा १०० टक्के. मांस हा एक रस्ता ठरला.

पण त्याच्या सहा वर्षं आधी, १९५९ मध्ये, रावल यांनी मुंबईतल्या शाकाहारी आणि मांसाहारी लोकांच्या सीरमवर डाय टेस्ट करून निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. कट्टर शाकाहारी लोकांतही लागणीचं प्रमाण मांसाहारींच्या जवळपासच निघालं. ज्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या मांस न खाणारी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात, तिथेच हा प्रश्न इतका स्वच्छ विचारता येणार होता. फक्त मांस हाच रस्ता असता, तर हे आकडे जुळलेच नसते. दुसरा रस्ता असणं भाग होतं. टॉक्सोप्लाझ्मावरच्या जागतिक लिखाणात मुंबईच्या या छोट्या पाहणीचा दाखला आजही दिला जातो. आपल्या शहराचा हा वाटा आपल्याच लोकांना फारसा माहीत नाही, म्हणून मुद्दाम सांगतोय.

दुसरा रस्ता ग्लासगोमध्ये विल्यम हचिसन यांना सापडू लागला. १९६५ मध्ये त्यांनी दाखवलं, की मांजराच्या विष्ठेतून लागण पसरते. १९६९-७० मध्ये तिकडे हचिसन आणि सहकारी, आणि अमेरिकेत जेकब फ्रेंकेल आणि जितेंद्र दुबे, असे वेगवेगळे गट एकाच निष्कर्षाला पोचले: या परजीवीचं लैंगिक पुनरुत्पादन मांजराच्या आतड्यात होतं, आणि तिथून टणक कवचाच्या बीजुकोशांच्या रूपात तो लाखोंनी बाहेर पडतो. दुबे हे भारतात पशुवैद्यक शिकलेले शास्त्रज्ञ, पुढे या परजीवीवरचे जगातले आघाडीचे अभ्यासक ठरले. मांजर साधारण आयुष्यात एकदा, एखाददोन आठवडेच हे बीजुकोश टाकतं. पण ते माती-पाण्यात महिनोन्‌महिने टिकतात. न धुतलेली भाजी, मातीचे हात, न उकळलेलं पाणी. शाकाहारी मुंबईकरांचं कोडं सुटलं. २००४ च्या सुमारास कोइमतूरमध्ये डोळ्यांच्या टॉक्सोप्लाझ्मोसिसची साथ आली आणि शंभराहून अधिक रुग्ण सापडले, तेव्हा संशय पाणीपुरवठ्यावरच गेला.

आता गरोदर बायकांकडे येऊ. पॅरिसमध्ये देमाँ आणि जाक कुव्रर यांनी गरोदरपणात लागण झालेल्या शेकडो बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि १९७४ मध्ये त्यातले निष्कर्ष मांडले. पुढे ल्योंच्या अभ्यासाने १९९९ मध्ये आकडे अधिक नेमके केले. आईला १३ व्या आठवड्यात लागण झाली, तर ती बाळापर्यंत पोचण्याची शक्यता सुमारे ६ टक्के. २६ व्या आठवड्यात ४० टक्के. ३६ व्या आठवड्यात ७२ टक्के. वार जसजशी वाढते, तसतसा रस्ता रुंद होतो. पण इजेचं गणित उलटं चालतं. लागण झालेल्या बाळांत लक्षणं दिसण्याचं प्रमाण १३ व्या आठवड्याच्या लागणीत ६१ टक्के, २६ व्या आठवड्याच्या २५ टक्के, आणि ३६ व्या आठवड्याच्या फक्त ९ टक्के. थोडक्यात, लवकर लागण क्वचित पोचते पण घाव खोल करते. उशिरा लागण बहुधा पोचते, पण बाळ बाहेरून ठणठणीत दिसतं. आपण सुरुवातीला ज्या गुटगुटीत बाळाचा प्रश्न विचारला, ते बहुतेक वेळा हे शेवटच्या महिन्यांतलं बाळ असतं.

हे बाळ खरंच ठीक असतं का? याचं सर्वांत थेट उत्तर अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याने आणि शेजारच्या न्यू हॅम्पशायरने दिलं. नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब कागदावर सुकवून काही आजार तपासले जातात. १९८६ पासून मॅसॅच्युसेट्सने त्याच कागदावर टॉक्सोप्लाझ्माची आयजीएम बघायला सुरुवात केली. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ६ लाख ३५ हजार बाळांत ५२ जणांना लागण निघाली. त्यांतली ५० बाळं जन्माच्या वेळच्या तपासणीत निरोगी ठरलेली होती. मग नेत्रतज्ज्ञांनी डोळ्याची बाहुली मोठी करून दृष्टिपटल पाहिलं, मेंदूची छायाचित्रं घेतली, मणक्यातलं पाणी तपासलं. ४८ बाळांपैकी १९ जणांत डोळ्यात किंवा मेंदूत काही ना काही सापडलं. सेबिन यांच्या खुणेत जी बसत नव्हती, ती हीच बाळं.

आता उपचार. यातही थोडा इतिहास आहे, कारण ही औषधं दुसऱ्याच आजारासाठी जन्मली. सल्फा औषधं उंदरांत टॉक्सोप्लाझ्मावर चालतात, हे १९४२ मध्ये सेबिन आणि वॉरन यांनी दाखवलं. १९५३ मध्ये आइल्स आणि कोलमन यांनी दाखवलं, की मलेरियावरचं औषध पायरीमेथामाइन सल्फाडायझिनबरोबर दिलं, तर परिणाम बेरजेपेक्षा जास्त होतो. कारण सरळ आहे. परजीवीला वाढायला फोलेट लागतं. सल्फा त्या कारखान्याचं एक यंत्र बंद पाडतं, पायरीमेथामाइन त्याच साखळीतलं दुसरं. एका दाराला दोन कुलुपं.

पण दुसरं कुलूप माणसाच्या शरीरालाही लागतं. बाळाच्या अस्थिमज्जेत रक्तपेशी बनायला फोलेट हवं असतं. औषध दिलं की पांढऱ्या पेशी घटायला लागतात. १९५७ मध्ये फ्रेंकेल आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी किल्ली शोधली: फोलिनिक अॅसिड. आपल्या पेशी ते वापरू शकतात, परजीवी नाही. म्हणून बाळ वाचतं, परजीवी उपाशी राहतो. इथे एक काटेकोर सूचना. फोलिनिक आणि फोलिक ही वेगळी औषधं आहेत. नावं सारखी असली, तरी गरोदरपणातली फोलिक अॅसिडची गोळी फोलिनिकच्या जागी चालत नाही. ती औषधाचा परिणाम कमी करू शकते. हिचिंग्ज यांना पुढे १९८८ मध्ये जर्ट्रूड एलियन आणि जेम्स ब्लॅक यांच्यासोबत नोबेल मिळालं, आणि त्यात या फोलेटच्या साखळीवरच्या कामाचा मोठा भाग होता.

उपचार कागदावर सोपा, घरात अवघड. पायरीमेथामाइनची गोळी २५ मिलिग्रॅमची. तीन किलोच्या बाळाला त्यातले दिवसाला साधारण तीन मिलिग्रॅम लागतात. म्हणजे गोळी बारीक करून द्रवात कालवायची आणि मोजून द्यायची. सल्फा रोज दोनदा, फोलिनिक अॅसिड आठवड्यातून काही वेळा. सुरुवातीला रोज, मग काही महिन्यांनी आठवड्यातून तीनदा, असं पूर्ण एक वर्ष. आणि दर काही दिवसांनी बाळाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजायच्या. घटल्या तर औषध थांबवून पुन्हा सुरू करायचं. बाळ हसतं, रांगतं, आणि आई रोज त्याच्या तोंडात कडू औषध घालते. ज्या आजाराचं एकही लक्षण तिला दिसत नाही, त्यासाठी वर्षभर हे करायचं, म्हणजे तिला डॉक्टरवर नुसता विश्वास नाही, तर समजूतही लागते. माझ्या मते या उपचाराचा सर्वांत कठीण भाग हाच आहे.

वर्षभराच्या या कष्टाचं फळ काय? शिकागोमध्ये रिमा मॅकलिऑड यांनी १९८१ पासून या मुलांचा पाठपुरावा केला. जन्माच्या वेळी मेंदूला फारशी इजा नसलेल्या ज्या बाळांना वर्षभर उपचार मिळाला, त्यांची बुद्धी, हालचाल आणि श्रवण सर्वांचं सामान्य निघालं. मध्यम किंवा तीव्र इजा असलेल्यांतही ७० टक्क्यांहून अधिक मुलांची बुद्धी आणि हालचाल सामान्य राहिली. उपचाराआधीच्या काळात अशा मुलांचं भवितव्य बहुतेक अंधाराचंच असायचं. मॅसॅच्युसेट्समध्येही उपचार पूर्ण केलेल्या ४६ मुलांत फक्त एकाला मज्जासंस्थेची इजा राहिली, आणि ती जन्माच्या वेळचीच होती.

तरी ही औषधं मेंदूत आणि डोळ्यात लपून बसलेल्या पुटकुळ्या मारत नाहीत. ती वाढणारा परजीवी थांबवतात. म्हणून नवे डाग पुढे कधीही येऊ शकतात, आणि डोळ्यांची तपासणी मोठेपणीही चालू ठेवावी लागते. शिवाय सगळ्या देशांचं एकमत नाही. ऑस्ट्रिया आणि फ्रान्सने १९७० च्या दशकापासून गरोदर बायकांची तपासणी लागू केली. डेन्मार्कने १९९९ पासून नवजात बाळं तपासली, आणि उपचाराचा डोळ्यांवर फायदा सिद्ध होत नाही म्हणून २००७ मध्ये ती मोहीम थांबवली. ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यात मात्र साधारण ७७० बाळांत एकाला लागण सापडली, आणि त्यातल्या जवळजवळ ८० टक्के बाळांच्या दृष्टिपटलात डाग होते. तिथला परजीवीच जास्त आक्रमक आहे. म्हणजे डेन्मार्कचा निर्णय ब्राझीलला लावता येत नाही, आणि दोन्ही निर्णय आपल्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

मग आपलं काय? या मालिकेचे प्रेक्षक इंदूरपासून बेळगावपर्यंत, बडोद्यापासून हैदराबादपर्यंत पसरलेले आहेत, म्हणून एक आकडा सगळ्यांच्या उपयोगाचा. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मूल होण्याच्या वयाच्या बायकांत २२.४ टक्के जणींना पूर्वी लागण झालेली निघाली. दक्षिणेत ३७.३ टक्के, पूर्वेत २१.२, उत्तरेत १९.७ आणि पश्चिमेत ८.८ टक्के. पश्चिमेतला कमी आकडा पाहून निश्चिंत होण्यात अर्थ नाही. ज्या बाईला पूर्वी लागण झालेली नाही, तिलाच गरोदरपणात पहिल्यांदा होण्याचा धोका असतो. तुरळक लागण म्हणजे जास्त अस्पर्श बायका.

आपल्याकडे सरसकट तपासणी नाही. पण तपासणी मात्र खूप होते, आणि तिचं नाव बऱ्याच घरांना माहीत आहे: ‘टॉर्च’. टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो, हर्पिस आणि इतर, असा हा संच. १९७१ मध्ये अमेरिकेत आंद्रे नाहमियास यांनी नवजात बाळाच्या आजारांचा विचार करण्यासाठी या अक्षरांची आठवण सुचवली. आपल्याकडे ती वारंवार गर्भपात झालेल्या बाईच्या तपासणीची चिठ्ठी झाली. ‘आयजीजी पॉझिटिव्ह’ असा अहवाल हातात घेऊन बायका फिरतात, आणि घरातले त्यांच्याकडे दोष असल्यासारखे पाहतात. आपण आधी पाहिलेलं वाक्य आता आठवा. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे बहुतेक वेळा जुनी, संपलेली लागण; ती पुढच्या बाळाचं रक्षणच करते. वारंवार होणाऱ्या गर्भपातांचं खापर तिच्यावर फोडता येत नाही. आयजीएम पॉझिटिव्ह असली, तरी ती लागणीनंतर अनेक महिने, कधी वर्षाहूनही अधिक रेंगाळू शकते. १९८९ मध्ये फिनलंडमध्ये हेडमन यांनी एक उपाय मांडला: प्रतिपिंडं परजीवीला किती घट्ट चिकटतात ते मोजायचं. जुनी प्रतिपिंडं घट्ट पकडतात, नवी सैल. या चाचणीला अॅव्हिडिटी म्हणतात. गरोदरपणाच्या सुरुवातीला पकड घट्ट निघाली, तर लागण गरोदरपणाच्या आधीची. एकाच अहवालावर गर्भपाताचा सल्ला देण्याआधी ही एक पायरी चढायलाच हवी.

म्हणून शेवटी तुमच्यासाठी काही प्रश्न. अहवाल हातात आला, तर डॉक्टरांना विचारा: ही लागण नवी की जुनी? अॅव्हिडिटी केली का? लागण नवी असेल, तर गर्भजलाची पीसीआर करायची का आणि कधी? बाळ जन्मल्यावर त्याची आयजीएम आणि आयजीए पाहिली का, आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा पाहणार का? नेत्रतज्ज्ञाने दृष्टिपटल नीट पाहिलं का? बाळाची आयजीजी वर्ष पुरं होईपर्यंत तपासत राहणार का? हे प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही.

मांजर घरात असेल, तर हाकलून द्यायची गरज नाही. तिची विष्ठा रोज उचला, कारण बाहेर पडलेले बीजुकोश लागण करण्याजोगे व्हायला एक ते पाच दिवस लागतात. गरोदर बाईने ते काम दुसऱ्या कुणावर सोपवावं. भाज्या धुवा, मांस नीट शिजवा, पाणी उकळून प्या, आणि बागेतून आल्यावर हात धुवा.

मला या सगळ्या इतिहासात एक गोष्ट लक्षात राहते. १९३८ च्या न्यूयॉर्कमधली ती मुलगी महिनाभर जगली, सिनसिनाटीचा तो मुलगा सहाव्या वर्षी गेला. आज तशाच एखाद्या बाळाच्या टाचेतला एक थेंब कागदावर सुकतो आणि वर्षभर औषध घेऊन ते बाळ पुढे शाळेत जातं. आपल्याकडे तो थेंब कुणी तपासायचा, त्याचा खर्च कुणी करायचा आणि त्याचा अर्थ आईला नीट कुणी सांगायचा, हे अजून ठरायचं आहे. पुढच्या भागात आपण याच टाचेच्या थेंबाची, म्हणजे नवजात तपासणीची गोष्ट पाहू.